स्कॅनरचा स्लॉट सगळ्यात शेवटी: विद्यापीठाच्या मेंदू-प्रतिमा केंद्रात पहिला अभ्यास कसा उभा करायचा

नवा संशोधक विद्यार्थी केंद्रात येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "मॅडम, स्कॅनर कधी मिळेल?" स्लॉट मिळाला की बाकीचं त्याच्या आजूबाजूला बसवता येईल, असा त्याचा हिशेब असतो. मग दोन आठवड्यांत घाईघाईने प्रयोग लिहिला जातो, सहभागी म्हणून हॉस्टेलमधले मित्र गोळा होतात, आणि पहिल्याच दिवशी अर्धा तास ट्रिगर, म्हणजे स्कॅनरकडून प्रयोगाला मिळणारा संकेत, शोधण्यात जातो. मी गेली काही वर्षं अशा अभ्यासांची जुळवाजुळव करते. वाया गेलेल्या सेशनमध्ये यंत्र बिघडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकलेला असतो.

हा लेख मुख्यतः एफएमआरआय, म्हणजे एमआरआय यंत्राने मेंदूचं चालू काम टिपणं, करणाऱ्यांसाठी आहे. ईईजी (टाळूवरून मेंदूचे विद्युत संकेत मोजणं) आणि एमईजी (मेंदूची चुंबकीय क्षेत्रं मोजणं) वाल्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूचं निम्हान्स किंवा परदेशातलं विद्यापीठ, कुठेही गेलात तरी नियमावली थोडीफार बदलते, क्रम बदलत नाही.

## १. आधी इमारत समजून घ्या

कोणतंही बुकिंग करण्याआधी केंद्रात जाऊन एक तास नुसते फिरा. कोणाचं तरी सेशन चालू असताना कंट्रोल रूममध्ये मागे उभं राहून बघायची परवानगी मागा. वाचून जे कळत नाही ते इथे कळतं.

जागेचे साधारण चार टप्पे असतात. पहिला सगळ्यांसाठी खुला. दुसऱ्यात सहभागीची विचारपूस आणि कपडे बदलणं. तिसरा कंट्रोल रूमचा, तिथे फक्त प्रशिक्षण घेतलेली माणसं. चौथा म्हणजे खुद्द मॅग्नेटची खोली. या खोलीच्या भिंतींत तांब्याचा पत्रा किंवा तशीच धातूची जाळी असते, म्हणजे बाहेरच्या रेडिओ लहरी आत येत नाहीत. म्हणूनच खोलीत कोणतीही वायर सरळ दारातून नेता येत नाही. ती भिंतीतल्या ठरलेल्या पॅनेलमधूनच न्यावी लागते. दार किंचित उघडं राहिलं तरी प्रतिमेवर रेघा उमटतात.

संशोधनाचे स्कॅनर बहुधा ३ टेस्लाचे असतात. हे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट आहे. आणि ते कधीही बंद नसतं. मॅग्नेटची गुंडाळी उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियमने अतिवाहक अवस्थेत ठेवलेली असते. एकदा त्यात प्रवाह सोडला की तो फिरतच राहतो. लाइट गेली, कॉम्प्युटर बंद झाला, रविवार असला, तरी मॅग्नेट चालूच. ही गोष्ट आपल्याकडे पुन्हा पुन्हा सांगावी लागते. लाइट गेली की यंत्र बंद, ही आपली रोजची समजूत इथे जीव घेऊ शकते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेल्यामुळे एका तरुणाचा मृत्यू झाला. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात असाच सिलिंडर आत खेचला गेला आणि सहा वर्षांचं मूल दगावलं.

फिरताना तीन बटणं नीट बघून घ्या. स्कॅन आणि टेबल थांबवणारं, वीज तोडणारं, आणि क्वेंचचं. क्वेंच म्हणजे हेलियम उकळून बाहेर टाकणं आणि क्षेत्र घालवणं. द्रव हेलियमचा वायू झाला की त्याचं आकारमान सुमारे सातशे पट होतं. पाइपमध्ये अडथळा असेल तर तो वायू खोलीतला ऑक्सिजन हुसकावून लावतो. क्वेंचचं बटण फक्त माणूस मॅग्नेटला अडकला असेल तेव्हाच, तेही केंद्राच्या नियमानुसार. सहभागीला आत चक्कर आली तर त्याला टेबलासकट बाहेर आणायचं. मदतीला धावलेल्या माणसांना त्यांच्या उपकरणांसकट आत न्यायचं नाही.

## २. विश्लेषण आधी, प्रयोग नंतर

डेटा आल्यावर तुम्ही कोणत्या दोन अवस्थांची तुलना करणार, ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

एफएमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलातून मेंदूची हालचाल टिपतं. हा बदल मंद असतो. उद्दीपन दिल्यावर साधारण पाच-सहा सेकंदांनी तो शिखरावर जातो. या मंदपणामुळे दोन उलट चुका होतात. पहिली, प्रत्येक घटना ठरावीक दोन सेकंदांनी देणं. मग सगळे प्रतिसाद एकमेकांत मिसळतात. घटनांमधलं अंतर कमीजास्त ठेवा. दुसरी चूक अधिक फसवी आहे: तीन मिनिटं एक अवस्था, मग तीन मिनिटं दुसरी. स्कॅनरचा सिग्नल स्वतःच हळूहळू सरकत असतो. विश्लेषणात हा सरक काढताना १२८ सेकंदांपेक्षा संथ बदल पुसायची पद्धत रूढ आहे. तुमची सहा मिनिटांची आवर्तनंही त्याच्याबरोबर पुसली जातात आणि मागे काहीच उरत नाही. ब्लॉक पंधरा ते वीस सेकंदांचे ठेवा, अवस्था आलटून पालटून द्या.

मग वेळेचा हिशेब करा. साठ मिनिटांचा स्लॉट म्हणजे साठ मिनिटांचा डेटा असं कोणी धरू नये:

- सहभागीला झोपवणं, कॉइल (डोक्याभोवती बसणारा, सिग्नल टिपणारा पिंजरा), उशा, आरसा, बटणं: १० मिनिटं
- प्राथमिक स्थाननिश्चितीचा स्कॅन: १ मिनिट
- मेंदूची रचना दाखवणारा टी-वन स्कॅन: ५ ते ६ मिनिटं
- फील्ड मॅप, म्हणजे चुंबकीय क्षेत्र कुठे असमान आहे त्याचा नकाशा: २ मिनिटं
- प्रयोगाच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी ८ मिनिटं: २४ मिनिटं
- फेऱ्यांमधलं बोलणं, सूचना: ६ मिनिटं
- बाहेर काढणं: ५ मिनिटं

झाली चोपन्न. उरलेली सहा कुठेतरी जातातच. चौथी फेरी "बसवून घेऊ" असं ज्यांनी ठरवलं, त्यांची चौथी फेरी बहुतेक अर्धवट राहिली आहे.

तपासा: स्वतः मनाने बनवलेला खोटा डेटा घेऊन विश्लेषणाचा सगळा कोड एकदा चालवला का? फेऱ्यांची संख्या, अवस्थांची नावं, वेळांची फाइल, सगळं आत्ताच जुळायला हवं.

## ३. एथिक्स आणि संमतीपत्र

हे काम वेळखाऊ आहे, म्हणून डिझाइन पक्कं होताच सुरू करा. भारतात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पाळावी लागतात. संस्थेच्या एथिक्स समितीला प्रयोगाची अंतिम आवृत्ती द्या. नंतर बदल केलात तर पुन्हा अर्ज.

संमतीपत्र सहभागीच्या भाषेत हवं. इंग्रजी मसुद्याचं शब्दशः मराठी केलेलं पत्र कोणी वाचत नाही, नुसती सही करतात. तुमच्या घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांना वाचायला द्या आणि "यात काय लिहिलंय?" असं विचारा. त्यांना सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा.

एक परिच्छेद विसरू नका: स्कॅनमध्ये अनपेक्षित काही दिसलं तर काय करणार. कोण बघणार, कोण कळवणार, आणि सहभागीला ते कळवून हवं आहे का. नियम साधा आहे, विद्यार्थ्याने स्क्रीनकडे बघून सहभागीला काहीही सांगायचं नाही. काही वेगळं वाटलं तर केंद्राच्या रेडिओलॉजिस्टकडे. चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका.

## ४. धातूची विचारपूस

हा टप्पा लांब आहे, कारण चुका इथेच सगळ्यात जास्त होतात.

"तुमच्या अंगात कुठे धातू आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही." दर वेळी. एकदा एक गृहस्थ फॉर्मवर सगळीकडे "नाही" लिहून आले. गप्पा मारताना मी विचारलं, "कधी फ्रॅक्चर वगैरे?" ते म्हणाले, "हो, उजव्या पायात रॉड आहे. पण तो कधी दुखत नाही, म्हणून लिहिलं नाही." माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी तो रॉड त्याच्या पायाचाच भाग झाला होता.

म्हणून प्रश्न ठोस विचारा, एकेक करून, तोंडी:

- आजपर्यंत कोणकोणती ऑपरेशनं झाली? लहानपणचीही सांगा.
- हाडात रॉड, प्लेट, स्क्रू? हृदयात पेसमेकर, स्टेंट, झडप? डोक्यात क्लिप किंवा शंट? कानात कॉक्लिअर इम्प्लांट, श्रवणयंत्र?
- लेथ, वेल्डिंग, ग्राइंडर यांवर कधी काम केलं आहे? डोळ्यात कधी लोखंडाचा किस गेला होता?
- दातांना तार, निघणारी कवळी?
- कॉपर-टी किंवा तसं साधन?
- अंगावर औषधाची पट्टी चिकटवली आहे का? काही पट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ पत्रा असतो, तो तापतो.
- गोंदण, टॅटू, कायमचा आयलायनर?
- गरोदर असण्याची शक्यता? हा प्रश्न एकांतात, स्त्री सहकाऱ्याने विचारावा.
- बंद जागेची भीती वाटते का? लिफ्टमध्ये अडकलात तर काय होतं?

लेथवाला प्रश्न पुणे, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यातल्या सहभागींसाठी फार महत्त्वाचा आहे. घरोघरी कोणी ना कोणी वर्कशॉपमध्ये काम केलेलं असतं. डोळ्यात राहिलेला लोखंडाचा बारीक कण चुंबकीय क्षेत्रात हलला तर डोळा जाऊ शकतो. शंका असेल तर एक्स-रे होऊन डॉक्टरांचा निर्णय येईपर्यंत स्कॅन नाही.

इम्प्लांटबाबत "डॉक्टर म्हणाले चालतं" एवढ्यावर विसंबू नका. कंपनी आणि मॉडेल लिहिलेला कागद हवा. डिस्चार्ज कार्डवर तो बहुधा असतो. उपकरणं तीन गटांत मोडतात: एमआर सेफ, एमआर कंडिशनल, एमआर अनसेफ. मधल्या गटातलं उपकरण ठरलेल्या अटींतच चालतं. १.५ टेस्लाला चालणारी वस्तू ३ टेस्लाला चालेलच असं नाही. टायटॅनियम खेचलं जात नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लांब धातू रेडिओ लहरींनी तापू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे. रुग्णाला स्कॅनची गरज असते, म्हणून डॉक्टर धोका आणि फायदा तोलतात. संशोधनातल्या सहभागीला कसलाच फायदा नाही. शंका आली की त्याला आभार मानून घरी पाठवा.

इशारा: विचारपूस दोनदा होते, एकदा भरती करताना आणि एकदा दारात. "गेल्या आठवड्यात विचारलंय" हे दारात चालत नाही. आणि ही तपासणी तुमचीही होते. खिशातली किल्ली, पेन, मोबाइल, एटीएम कार्ड, पट्ट्याचं बक्कल घेऊन आत धावणारा माणूस बहुतेक वेळा संशोधकच असतो.

## ५. उद्दीपन, बटणं आणि ट्रिगर

आता कॉम्प्युटरकडे. सहभागी बोगद्यात पडून डोक्यावरच्या कॉइलला लावलेल्या आरशात पडदा बघतो. म्हणजे तुमच्या टेबलावर छान दिसणारी स्लाइड तिथे उलटी, लहान किंवा कापलेली दिसू शकते. स्वतः आत झोपून बघा. अक्षर वाचता येतं का, कोपरे दिसतात का, डावं-उजवं बरोबर आहे का.

मराठी शब्द दाखवणार असाल तर एक खास अडचण आहे. प्रयोग चालवणारी काही सॉफ्टवेअर देवनागरी नीट मांडत नाहीत. पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसू लागतात. "शक्ती"चं "शक्‌ती" झालं तर वाचायला लागणारा वेळ बदलतो आणि तुमचा निष्कर्षच बदलतो. सगळे शब्द आधीच चित्र म्हणून तयार करा, एकाच फाँटात, एकाच उंचीने, आणि चित्रंच दाखवा. मराठी वाचणाऱ्या, पण अभ्यासाशी संबंध नसलेल्या माणसाकडून प्रत्येक चित्र तपासून घ्या.

ऐकवायचे शब्द असतील तर स्कॅनरच्या आवाजात ते कळतात का ते पाहा. स्कॅन चालू असताना आवाज शंभर डेसिबलच्या आसपास किंवा वरही जातो. कानात बोळे, वरून हेडफोन, आणि त्यातून "पाट" की "पाठ", हे ओळखणं अवघड आहे. शांत खोलीत केलेली ध्वनिचाचणी इथे उपयोगाची नाही.

आता ट्रिगर. स्कॅनर प्रत्येक व्हॉल्यूम, म्हणजे पूर्ण मेंदूची एक प्रतिमा, घेताना एक विद्युत स्पंद सोडतो. एक छोटी पेटी त्याचं रूपांतर कळ दाबल्यासारख्या संकेतात करते, बहुधा "५" किंवा इंग्रजी "टी". तुमचा प्रोग्राम त्या पहिल्या संकेताची वाट बघत थांबतो आणि मिळताच घड्याळ सुरू करतो. हे जुळलं नाही तर मेंदूचा डेटा एका वेळेवर आणि प्रयोग दुसऱ्याच वेळेवर.

एक सेशन मला अजून आठवतं. सहभागी आत, स्कॅन सुरू, पडद्यावर "थांबा" एवढंच. आम्ही केबल बदलली, पेटी बंद-चालू केली, दुसरं यूएसबी पोर्ट घेतलं. सात मिनिटं गेली. मग विद्यार्थिनीने नोटपॅड उघडून ट्रिगर सोडायला सांगितलं, आणि स्क्रीनवर एकामागून एक दीर्घ उकार उमटू लागले. तिच्या लॅपटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला होता. इनस्क्रिप्टमध्ये "टी"च्या कळीवर दीर्घ उकार असतो. प्रोग्राम "टी"ची वाट बघत होता, येत होता उकार. तेव्हापासून आमच्या यादीत पहिली ओळ आहे: कीबोर्ड इंग्रजीवर आहे का?

बाकीच्या नेहमीच्या चुका:

- प्रोग्राम कोणत्याही कळीने सुरू होतो. सहभागी बटण चाचपून बघतो आणि प्रयोग स्कॅनच्या आधीच सुटतो. फक्त ट्रिगरचीच कळ स्वीकारा.
- चारही बटणांचे कोड तपासलेले नसतात. तर्जनीचं उत्तर मधल्या बोटाचं म्हणून नोंदलं जातं.
- लॅपटॉपवर अपडेट, चार्जिंगची सूचना, स्क्रीन सेव्हर. इंटरनेट तोडा.
- उत्तरांची फाइल शेवटीच लिहिली जाते. प्रोग्राम मध्येच बंद पडला तर सगळं गेलं. प्रत्येक उत्तरानंतर लिहा.

## ६. मॉक स्कॅनर, मग पायलट

बऱ्याच केंद्रांत खोटा स्कॅनर असतो: तसाच बोगदा, तसंच टेबल, स्पीकरमधून तसाच आवाज, पण चुंबक नाही. मुलं, ज्येष्ठ नागरिक आणि घाबरणारी माणसं यांना आधी इथेच आणा. मुलांना सांगा, "पुतळा-पुतळा खेळायचं." डोकं हललं की चालू असलेलं कार्टून थांबतं, अशी सोय काही ठिकाणी असते. मुलं दहा मिनिटांत शिकतात. मॉक नसेल तर टेबलाखाली चादर टाकून, फोनवर स्कॅनरचा आवाज लावून सराव घ्या. हेही पुष्कळ उपयोगी पडतं.

प्रयोगाचा सराव पूर्णपणे बाहेर झाला पाहिजे. आत गेल्यावर सूचना समजावणं म्हणजे मिनिटामिनिटाचं भाडं भरून शिकवणी घेणं.

पायलट, म्हणजे खऱ्या अभ्यासाआधीची चाचणी, दोन जणांवर करा आणि त्यात एक फेरी अशी ठेवा जिचं उत्तर आधीच माहीत आहे: वीस सेकंद उजव्या हाताची बोटं हलवा, वीस सेकंद विश्रांती. डाव्या मोटर कॉर्टेक्समध्ये (हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागात) सक्रियता दिसलीच पाहिजे. ती दिसली नाही किंवा उजवीकडे दिसली, तर ट्रिगर, वेळा किंवा डावी-उजवी बाजू यांत चूक आहे. डावं-उजवं पक्कं करायला पायलटच्या वेळी उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवा. ती प्रतिमेत पांढरा ठिपका म्हणून दिसते.

थांबा: पायलटचा डेटा शेवटपर्यंत विश्लेषण करून बघितल्याशिवाय पुढचे स्लॉट घेऊ नका. खरं बुकिंग आता.

## ७. आदल्या संध्याकाळचा फोन

हा फोन मेसेजवर भागवू नका. बोलायचं ते असं:

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, चमकी, पैंजण, कमरेची साखळी, गळ्यातला ताईत, चांदीत मढवलेला रुद्राक्ष, हे सगळं काढावं लागेल. सोनं-चांदी खेचली जात नाही, पण कडी किंवा फासा दुसऱ्या धातूचा असू शकतो आणि धातूचं कडं तापू शकतं. हे आदल्या दिवशीच सांगितलं तर बाई घरी विचार करून, हवं तर दागिने घरीच ठेवून येतात. दारात सांगितलं तर त्यांना अवघडल्यासारखं होतं, सोबत सासूबाई असतील तर जास्तच. निघतच नाही अशी बांगडी किंवा अंगठी असेल तर ओढाताण करू नका, तो स्कॅन रद्द.

साडीऐवजी साधे कपडे. साडीला किती पिना लावल्या हे नेसणाऱ्यालाही आठवत नाही, आणि जरीत धातू असतो. खेळाच्या काही कपड्यांत चांदीचे धागे विणलेले असतात. त्याने अंग भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. केंद्राचे सुती कपडे घालायला द्या.

केसांचा अंबाडा नको. डोक्यामागे गाठ आली की हनुवटी वर जाते, डोकं कॉइलमध्ये बसत नाही, मान दुखते आणि माणूस हलतो. बाजूला सैल वेणी, कापडी बंध. साध्या दिसणाऱ्या रबरबँडला बारीक धातूचा चिमटा असतो तोही बघा. काजळ, आयलायनर नको. चष्मा असेल तर नंबर विचारून घ्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीत तशा काचा तयार ठेवता येतील. आणि शेवटचं: निघताना लघवीला जाऊन या. पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये चाळिसाव्या मिनिटाला हलणाऱ्या माणसाला बहुतेक हीच अडचण असते.

## ८. स्कॅनचा दिवस

सहभागीला स्लॉटच्या अर्धा तास आधी बोलवा. संमती, दुसरी विचारपूस, कपडे, सराव आणि हाताच्या सवयीची प्रश्नावली हे सगळं या वेळात उरकतं. प्रश्नावली भरताना एक प्रश्न आपण जोडा, "लहानपणी डावरेपणाची सवय मोडली होती का?" आपल्याकडे पानावर डाव्या हाताने जेवू देत नाहीत. कागदावर उजवा दिसणारा माणूस मुळात डावरा असू शकतो, आणि भाषेच्या अभ्यासात ते महत्त्वाचं ठरतं.

झोपवताना क्रम असा: कानात बोळे नीट, मग डोकं कॉइलमध्ये, दोन्ही बाजूंना फोम, गुडघ्याखाली उशी, एका हातात बटणं, दुसऱ्यात धोक्याचा रबरी फुगा. फुगा एकदा दाबून घेतल्याशिवाय टेबल आत सरकवू नका. हात एकमेकांत गुंफू नका, पाय एकावर एक नको. शरीराचाच वेटोळा बंद झाला की त्यातून प्रवाह फिरून त्वचा भाजू शकते. वायरही अंगावर गुंडाळलेली नको.

आधी टी-वन घ्या. माणूस स्थिरावतो आणि तुम्हालाही प्रतिमेचा दर्जा कळतो. विश्रांतीतला स्कॅन हवा असेल तर तो प्रयोगाच्या आधी घ्या, नाहीतर डोक्यात प्रयोगच घोळत राहतो. फील्ड मॅप प्रयोगाच्या फेऱ्यांलगत. मध्येच सहभागी बाहेर आला तर डोक्याची जागा बदलली, तेव्हा स्थाननिश्चिती आणि फील्ड मॅप पुन्हा.

दोन फेऱ्यांमध्ये दर वेळी बोला. नुसतं "ठीक आहे ना?" विचारलं तर आपली माणसं संकोचाने "हो" म्हणतात. "थंडी वाजतेय का? मान अवघडली का? पुढची आठ मिनिटांची आहे, चालेल?" असं विचारा. आणि उत्तर "नको" आलं तर लगेच बाहेर काढा, समजूत घालत बसू नका.

फेरी सुरू करण्याआधी तपासा: कीबोर्ड इंग्रजी, सहभागीचा कोड बरोबर, फेरीचा क्रमांक बरोबर, प्रोग्राम ट्रिगरच्या प्रतीक्षेत. मगच स्कॅन.

## ईईजी आणि एमईजी करणाऱ्यांसाठी

ईईजीत पहिला शत्रू खोबरेल तेल. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, कंडिशनर नको, सकाळी तेल नको, केस पूर्ण वाळलेले. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा विद्युत अवरोध उतरतच नाही आणि तासभर जेल भरण्यात जातो. दुसरी चूक सेटिंगची: परदेशातून आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये विजेच्या गुणगुणीचा फिल्टर ६० हर्ट्‌झवर असू शकतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे.

स्कॅनरच्या आत ईईजी करायचं असेल तर त्यासाठीच बनवलेली टोपी लागते. साधी टोपी आत नेली तर टाळू भाजू शकते. वायरी सरळ, मध्यावर, वेटोळं न करता.

एमईजी मेंदूची अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्रं मोजतं, म्हणून धातूचा बारीकसा कणही त्रास देतो. एकाच माणसाचं एमईजी आणि एमआरआय दोन्ही असेल तर एमईजी आधी. स्कॅनरमधून आल्यावर दातातला धातू चुंबकित झालेला असू शकतो आणि एमईजीत तो गोंगाट करतो.

## ९. सहभागी गेला, काम संपलं नाही

खोली सोडण्याआधी मोजा. फेरी ८ मिनिटांची आणि दर दोन सेकंदांना एक व्हॉल्यूम, तर २४० व्हॉल्यूम हवेत. २३७ असतील तर आत्ताच कारण शोधा, तंत्रज्ञ अजून समोर आहे आणि त्याला काय झालं ते आठवतंय. प्रतिमा डोळ्यांनी बघा: मेंदूच्या कडेला भुतासारखी दुसरी आकृती, आडवे पट्टे, अचानक काळी झालेली स्लाइस, म्हणजे मेंदूचा एखादा काप. कपाळामागे आणि कानांच्या वर सिग्नल थोडा गळतोच, हवेच्या पोकळ्यांमुळे. तुमचा प्रश्न नेमका त्याच भागाबद्दल असेल तर तंत्रज्ञाशी पायलटच्या वेळीच बोललेलं बरं.

कन्सोलवर सहभागीचं खरं नाव कधीच घालू नका, कोडच घाला. नाव मूळ फाइलच्या आत शिरतं आणि नंतर प्रत्येक प्रतीतून काढत बसावं लागतं. टी-वन स्कॅनमधून चेहरा ओळखू येतो, म्हणून डेटा कोणाला देण्याआधी चेहरा पुसणारं साधन वापरा. कोड आणि नावाची यादी वेगळ्या जागी, कुलपात.

त्याच दिवशी फाइली डीसीएम-टू-एनआयआयएक्सने (स्कॅनरच्या फाइली विश्लेषणाच्या स्वरूपात आणणाऱ्या प्रोग्रामने) बदलून बिड्स पद्धतीच्या, म्हणजे मेंदू-प्रतिमांसाठी ठरलेल्या सामायिक मांडणीच्या, फोल्डरांत लावा. मूळ फाइली तशाच ठेवा, दोन ठिकाणी. डोक्याची हालचाल काढून आलेख बघा. एका व्हॉल्यूमपासून दुसऱ्यापर्यंत अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त उड्या पुष्कळ असतील तर पुढच्या सहभागीच्या उशा, सूचना आणि फेरीची लांबी यांकडे पुन्हा बघावं लागेल. वीस जणांचा डेटा गोळा झाल्यावर हे कळलं तर हातात काहीच राहत नाही.

नोंदवहीत चार ओळी हाताने लिहा: काय वेगळं झालं, कुठे थांबलो, सहभागी काय म्हणाला, कोणती फेरी पुन्हा घेतली. मग कपाट उघडा आणि सहभागीचे दागिने मोजून परत केल्याची सही झाली आहे ना ते बघा.